डिफचं ऑइल कुठे गेलं? १९७२ च्या डॅटसन २४०झेडचं एक प्रकरण

गाडी १९७२ ची डॅटसन २४०झेड. मालकाने सांगितलेलं काम एका वाक्याचं होतं: "मागच्या डिफचा आवाज येतोय, ऑइल बदलून द्या." डिफ म्हणजे डिफरन्शियल, इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा गियरचा डबा. आवाज दोन होते. साधारण साठच्या पुढे वेग गेला की मागून येणारी बारीक गुणगुण, आणि क्लच सोडताना किंवा अॅक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलताना येणारी एक 'ठक'. ऑइल शेवटचं कधी बदललं याची कुठेच नोंद नव्हती. जुन्या गाड्यांत हे नेहमीचंच. इंजिन ऑइलची तारीख लोक डायरीत लिहितात आणि डिफला विसरतात, कारण त्याला ना डिपस्टिक असते ना डॅशबोर्डवर दिवा.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण ऑइल बदलण्याचं काम एका बैठकीत उरकलं आणि दोन्ही आवाज जवळजवळ जसेच्या तसे राहिले. ऑइल कमी का झालं होतं, हे शोधल्यावर मात्र दोन्हींचा माग लागला.

आधी गाडीची ठेवण

२४०झेड १९६९ च्या अखेरीस आली. पुढे २३९३ सीसीचं सहा सिलिंडरचं एल२४ इंजिन, मागे दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. या प्रकरणात सगळं त्या स्वतंत्र सस्पेन्शनमुळे घडलं. त्या काळातल्या बऱ्याच स्पोर्ट्स कारना मागे अखंड अॅक्सल असायचा आणि डिफ त्या अॅक्सलच्या पोटात, चाकांबरोबर खालीवर होणारं. इथे तसं नाही. डिफचं हाउसिंग बॉडीलाच टांगलेलं आहे: मागच्या बाजूने मिशीसारख्या वाकलेल्या एका आडव्या पट्टीला, तिच्या टोकांना बुश, आणि पुढे पिनियनच्या (जोर आत आणणाऱ्या छोट्या गियरच्या) नाकाखाली रबराच्या एका जाड माउंटवर. नाकावरून एक पट्टाही टाकलेला असतो, नाक मर्यादेपलीकडे वर उचललं जाऊ नये म्हणून. डिफमधून चाकांकडे दोन हाफ शाफ्ट जातात, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे वाकलेल्या कोनातही फिरू देणारे सांधे.

डिफचं नाव आर१८०. हा आकडा म्हणजे क्राउनचा, पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या गियरचा व्यास, १८० मिलिमीटर. आत हायपॉइड दात, म्हणजे पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यातून न जाता खालून जातो. ही रचना ग्लीसनने विकसित केली आणि १९२६ मध्ये पॅकार्डने गाडीत आणली. गियरबॉक्सकडून डिफकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट खाली आला, गाडीचा तळ खाली बसवता आला. मात्र त्याची किंमत मोजावी लागली ती ऑइलला. साध्या बेव्हल गियरचे दात एकमेकांवर मुख्यतः लोळतात. हायपॉइडमध्ये ते लोळतातही आणि प्रचंड दाबाखाली लांबीच्या दिशेने घसरतातही. त्या घसरणीत साध्या ऑइलचा थर टिकत नाही, पुसला जातो. म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. दात जिथे तापतात तिथे ही संयुगं लोखंडाशी संयोग पावून एक पातळ, सहज झिजणारा थर बनवतात आणि दात एकमेकांना चिकटत नाहीत. डिफचा प्लग उघडल्यावर जो उग्र वास नाकात जातो, तो याच गंधकाचा.

आवाज ऐकताना

गाडी उचलण्याआधी ती चालवली. मागून येणारा प्रत्येक आवाज डिफचाच असतो असं नाही. चाकाची बेअरिंग, टायर, गियरबॉक्स, सायलेन्सर हे सगळे संशयित असतात.

पहिली चाचणी सोपी. ज्या वेगाला आवाज येतो तो वेग धरून ठेवायचा आणि गियर बदलायचा. इंजिनाचे फेरे बदलतात, पण प्रोपेलर शाफ्टचे नाही. आवाज तसाच राहिला तर तो गियरबॉक्सच्या मागचा. इथे तो तसाच राहिला. मग वळणं घेऊन पाहिलं: चाकाची बेअरिंग खराब असेल तर वजन एका बाजूला गेलं की तिचा सूर बदलतो. तसं झालं नाही. तिसरी चाचणी पायाची. अॅक्सिलरेटर दाबलेला, हलका धरलेला आणि पूर्ण सोडलेला. गुणगुण दाबताना स्पष्ट, हलका धरल्यावर मंद, सोडल्यावर जवळजवळ नाहीशी. म्हणजे दातांच्या ज्या बाजूवर पुढे जातानाचा भार येतो, आवाज त्या बाजूचा. बेअरिंगची घरघर अशी पायाबरोबर चालूबंद होत नाही.

यापुढे मी एक गणित करतो, आणि ते प्रत्येकाने करावं असं मला वाटतं. या गाडीचं गुणोत्तर ३.३६४, म्हणजे क्राउनला ३७ दात आणि पिनियनला ११. ताशी ७० किलोमीटरला या मापाच्या टायरचं चाक मिनिटाला सुमारे ६०० फेरे घेतं. ६०० गुणिले ३७, भागिले ६०: सेकंदाला सुमारे ३७० वेळा दात दाताला भिडतो. फोनवर आवाजाची कंपनसंख्या दाखवणारं एखादं ॲप सुरू करून शेजारच्या सीटवर ठेवलं. ७० ला टोक ३७० च्या आसपास, ८० ला ४२० च्या जवळ. दातांचाच सूर, शंका नको.

गुणोत्तर पुस्तकातून गृहीत धरलं नव्हतं. पन्नास वर्षांच्या गाडीत कुणी काय बसवलं असेल सांगता येत नाही, आणि या मॉडेलला काही बाजारांत पाच गियरच्या बॉक्सबरोबर ३.९ चं डिफही मिळायचं. तपासायची रीत अशी: मागची दोन्ही चाकं उचलायची, गियर न्यूट्रल, एक चाक घट्ट धरून ठेवायचं आणि दुसरं बरोबर दोन फेरे फिरवायचं. क्राउन एक फेरा घेतो. प्रोपेलर शाफ्टचे जितके फेरे होतील तेच गुणोत्तर. इथे तीन फेरे आणि वर एक तृतीयांशाहून जरासा जास्त भरले.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट पाहून घेतली. गाडी गियरमध्ये टाकून एक चाक फिरवलं, तर दुसरं उलट दिशेने फिरलं. म्हणजे डिफ साधं, ओपन आहे. आत क्लच प्लेट असलेलं, एकच चाक मोकळं घसरू न देणारं लिमिटेड स्लिप डिफ असतं तर चाक हाताने असं सहज फिरलं नसतं, आणि मग ऑइलमध्ये घर्षण नियंत्रित करणारं खास अॅडिटिव्ह लागलं असतं. ते नसलं की प्लेट अडखळतात आणि वळताना डिफ कुरकुरतं. ऑइलचा डबा विकत घेण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

'ठक' कुठून येते

'ठक'चा माग गाडीखाली झोपल्याशिवाय लागत नाही. हाफ शाफ्टचे क्रॉस हाताने पिळून पाहिले, एकात किंचित ढिलाई होती, पण एवढी ठक काढण्याइतकी नव्हती. मागच्या आडव्या पट्टीचे बुश वयोमानाने तडकलेले, तरी जागेवर.

मग जॅकच्या डोक्यावर लाकडी ठोकळा ठेवून डिफच्या नाकाला अगदी हलका आधार दिला आणि हळूहळू वर उचललं. माउंटचं रबर आणि त्याची लोखंडी पाटी यांच्यात फट उघडली. बोट घालून पाहिलं तर रबर पाटीपासून पूर्ण सुटलेलं होतं, वर ऑइलने ओलं आणि मऊ, नखाने खरवडलं तर निघत होतं.

डिफ अंगाला हिसका का देतं, हे इथे समजून घ्यायला हवं. इंजिनाचा जोर पिनियनमधून क्राउनला मिळतो तेव्हा पिनियन क्राउनवर चढू पाहतो, आणि अख्खं हाउसिंग नाक वर करतं. रबर शाबूत असेल तर ते नाकाला धरून ठेवतं. रबर सुटलं की नाक पट्ट्यापर्यंत उसळतं; पाय उचलला की खाली आपटतं. मालकाला ऐकू येणारी ठक ही. डिफच्या आतल्या कुठल्याच गियरचा तिच्याशी संबंध नव्हता.

हे मालकाला दाखवलं तेव्हा त्यांचा प्रश्न रास्त होता: "अहो, मग ऑइलचं काय?" ऑइलचं काम तर करायचंच होतं. पण रबरावर ते आलं कुठून, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटत होता.

उघडण्याआधी

गाडी थोडी चालवून आणली होती, त्यामुळे ऑइल कोमट होतं. थंड गियर ऑइल भांड्यात सावकाश उतरतं आणि तळाशी बसलेला गाळ मागे सोडतं. कोमट असलं की तो बरोबर येतो. उकळतं नको, हात भाजतो.

चारही बाजूंनी स्टँडवर, गाडी सपाट. ही अट हौस म्हणून नाही. या डिफची पातळी मोजायचं एकमेव साधन म्हणजे फिलरचं भोक. गाडी मागून उचललेली असेल तर पातळी चुकीची दिसते. झेडच्या बाबतीत एक जादा काळजी: तळातले पातळ पत्र्याचे लांब रेल जॅकखाली सहज चेपतात, आणि गंज असेल तर जॅक थेट आत घुसतो. या मॉडेलला डिफखाली जॅक लावून मागचा भाग उचलायची सर्रास पद्धत आहे, पण ज्या डिफचं माउंट सुटलंय असा संशय आहे त्याच्याखाली मी तसं करत नाही.

आणि या कामातला जो नियम मी कधीच मोडू देत नाही तो हा: वरचा फिलर प्लग आधी सुटला पाहिजे, मगच खालच्या ड्रेनला हात लावायचा. ऑइल काढून टाकलं आणि फिलर हलेना, तर गाडी तिथेच अडकली. टो करायची सोयही नीट राहत नाही, कारण चाकं फिरली की कोरडं डिफ फिरणार.

आर१८० च्या प्लगला बाहेर षटकोनी डोकं नाही, चौकोनी खाच आहे. अर्ध्या इंची ड्राइव्ह थेट तिच्यात बसतो. खाचेत वर्षानुवर्षांची माती दगडासारखी बसलेली असते. ती टोकदार सळीने पूर्ण कोरून काढल्याशिवाय ड्राइव्ह तळापर्यंत जात नाही, आणि अर्धवट बसलेला ड्राइव्ह खाचेचे कोपरे गोल करून टाकतो. ब्रशने आजूबाजूचं झटकलं, गंज सोडवणारं ऑइल मारून थांबलो, मग लांब दांड्याने एकसारखा दाब. हिसके दिले नाहीत. प्लग करकरत सुटला. न सुटता तर प्लगभोवतीच्या कास्टिंगला हीट गनने गरम केलं असतं; ज्योत मात्र नाही, जवळच पेट्रोलची टाकी आहे.

भांड्यात काय आलं

ड्रेन उघडल्यावर आलेलं ऑइल मापाच्या भांड्यात घेतलं. हे करायला कुणी सांगत नाही, पण या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी आकडा इथेच मिळाला. या डिफची क्षमता सुमारे एक लिटर. थेंब थांबेपर्यंत वाट पाहूनही भांड्यात ६०० मिलिलिटरच्या आसपासच भरलं. चाळीस टक्के ऑइल कुठे तरी गेलं होतं.

रंग काळा, पण रंगावरून मी फार निष्कर्ष काढत नाही. गियर ऑइल वापराने काळं पडतंच. दुधाळ असतं तर आत पाणी शिरलं असं म्हटलं असतं. भांड्यात चुंबक फिरवला. त्यावर राखाडी, बोटांमध्ये चोळली तर लोण्यासारखी लागणारी पेस्ट जमली. ही नेहमीची झीज. तिच्यात उजेडात चमकणारे काही बारीक कपचेही होते, केसाच्या जाडीचे. ते मात्र नेहमीचे नाहीत. ऑइल एका जुन्या सुती कापडातून गाळलं आणि काय राहिलं ते पाहिलं: दाताचा तुकडा नाही, बेअरिंगच्या रोलरचा किंवा पिंजऱ्याचा अवशेष नाही. लाकडाचा भुसाही नाही! हसू येईल, पण आवाज करणाऱ्या डिफमध्ये भुसा भरून गाडी विकणं ही सेकंडहँड बाजारातली फार जुनी युक्ती आहे. काही दिवस डिफ शांत राहतं, मग बेअरिंग चोंदतात.

या सगळ्यातून माझा अंदाज असा बनला. पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला ऑइल कुठल्या पंपाने मिळत नाही. क्राउन तळातून ऑइल उचलून वर फेकतो, ते हाउसिंगच्या वाटेने पुढे वाहतं. पातळी घसरली की उपाशी राहणारी पहिली जागा हीच. बेअरिंग थोडी जरी झिजली तरी पिनियन आपली जागा सोडतो, दात ज्या पट्ट्यावर भिडायला हवेत त्याच्या कडेला भिडतात आणि गुणगुण सुरू होते. कपचे किती जुने आहेत हे भांड्यातून कळत नाही. ते कळायला पुढचं ऑइल बघावं लागतं.

वरची टोपी

ऑइल गळायला वाटा थोड्या: दोन हाफ शाफ्टची सील, मागच्या कव्हरचं गॅस्केट, प्लग आणि पिनियनचं सील. कव्हर कोरडं. हाफ शाफ्टच्या बाजू जवळपास कोरड्या. पिनियनची बाजू ओली, आणि तिथून ओघळ थेट खालच्या माउंटवर. खनिज ऑइलमध्ये भिजलेलं नैसर्गिक रबर फुगतं, मऊ होतं आणि धातूला धरलेला सांधा सोडतं. म्हणजे ठक आणि कमी झालेलं ऑइल यांचं मूळ एकच.

सील जुनं म्हणून गळलं, असं म्हणून थांबता आलं असतं. पण डिफच्या वरच्या अंगाला एक लहानसं ब्रीदर असतं, टोपी घातलेली नळी. डिफ तापलं की आतली हवा फुगते. ती इथून बाहेर जाते. हात वर घालून चाचपलं तर टोपी सापडेचना. कधी तरी कुणी गाडीच्या तळाला गंजरोधक काळा लेप मारला होता, भरपूर आणि मनापासून. त्याने ब्रीदर पूर्ण झाकलं होतं. हवा बाहेर जायला वाट नाही म्हणून आतला दाब सीलच्या ओठाखालून मार्ग काढत होता, दर वेळी थोडं ऑइल घेऊन.

लेप खरवडून टोपी मोकळी केली, सॉल्व्हंटने धुतली, ती बोटाने फिरेपर्यंत साफ केली. आधी आजूबाजूची माती पुसून घेतली होती, नाहीतर ती नळीतून थेट बेअरिंगवर पडते. या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात कमी खर्चाचं आणि सगळ्यात परिणामकारक काम हेच, असं माझं मत आहे.

कोणतं ऑइल

मालकांची इच्छा होती जाड ऑइल घालायची, ८५डब्ल्यू-१४०. कारण: "जाड घातलं की आवाज दबतो म्हणतात." दबतो, हे खरं आहे, थोडासा. पण जाड ऑइल दातांमधून चिरडताना जास्त तापतं, थंडीत पिनियनच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचतं, आणि मुख्य म्हणजे आवाज हाच या डिफचा एकमेव बोलणारा मीटर आहे. तो दाबून टाकला तर पुढे काय बिघडतंय ते कळणार कसं?

पुस्तकात एसएई ९०, जीएल-५ सांगितलंय (एसएईचा आकडा जाडीचा, जीएलचा दातांच्या संरक्षणाच्या प्रतीचा). इथे एक बारीक खोच आहे. २००५ मध्ये गियर ऑइलच्या जाडीच्या वर्गवारीत, म्हणजे एसएई जे३०६ मध्ये, बदल झाला. त्याआधी '९०' हा गट शंभर अंश सेल्सिअसला १३.५ पासून २४ सेंटिस्टोकपर्यंत (हे जाडीचं एकक) पसरलेला होता. नंतर तो १८.५ ला तोडला आणि वरच्या भागाला ११० हे नवं नाव मिळालं. म्हणजे १९७२ च्या पुस्तकातलं ९० हे आजच्या ९० इतकंही असू शकतं आणि आजच्या ११० इतकंही. त्यामुळे झिजलेल्या डिफसाठी ११० निवडणारा माणूस मूळ शिफारशीच्या बाहेर जात नाही. आम्ही साधं खनिज ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ घेतलं, कारण पहिलं भरलेलं ऑइल लवकरच पुन्हा उतरवायचं होतं. महाग सिंथेटिक तेव्हा घालणं म्हणजे उधळपट्टी.

उरलेल्या ऑइलबद्दल एक सूचना, कारण हा घोळ वारंवार पाहिलाय. ते गियरबॉक्समध्ये घालू नका. या गाडीच्या गियरबॉक्सला जीएल-४ लागतं. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसचं प्रमाण साधारण दुप्पट असतं, आणि त्यातलं जास्त क्रियाशील गंधक तापल्यावर गियर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळेच्या सिंक्रो रिंगवर हल्ला करतं. डिफच्या दातांना जे वाचवतं तेच गियरबॉक्सला नडतं.

भरणं

प्लगचा आटा निमुळता आहे, खाली वॉशर नाही. तारेच्या ब्रशने आटे साफ करून त्यांवर सीलंटचा पातळ हात, पहिला आटा कोरडा ठेवून, म्हणजे सीलंट आत पडत नाही. निमुळता आटा जितका आवळाल तितका जातच राहतो आणि शेवटी कास्टिंगला तडा देतो. त्यामुळे टॉर्क पाना घेऊन पुस्तकातल्या आकड्यावर थांबलो.

ड्रेन बंद करून हातपंपाने फिलरमधून ऑइल भरलं. डिफ आणि टाकीच्या मधल्या जागेत डबा उलटा करता येत नाही, म्हणून पंप किंवा लांब नळीची पिचकारी हवीच. भोकातून धार सुरू झाली की लगेच प्लग लावायचा मोह आवरावा लागतो. ऑइल जाड असतं, बेअरिंगच्या खाचांत सावकाश शिरतं. चाकं हाताने थोडी फिरवली, थांबलो, पुन्हा थोडं भरलं. मग धार थेंबांवर आली तेव्हा प्लग लावला. जवळजवळ एक लिटर मावलं. पातळी भोकाच्या खालच्या कडेला, त्यापेक्षा वर नको. जास्त भरलेलं ऑइल घुसळलं जातं, फेसाळतं आणि पुन्हा सीलकडेच धाव घेतं.

जुनं ऑइल झाकणाच्या डब्यात बंद करून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे दिलं. मातीत किंवा गटारात एक थेंबही जाऊ द्यायचा नाही.

पहिली फेरी, आणि मग सील

नव्या ऑइलवर गाडी सावकाश चालवून आणली. ठक होतीच, ती असणारच होती. ७० ला गुणगुणही होती. फोनवरचं टोक त्याच जागी, उंचीत डोळ्याला जाणवण्याइतका फरक नाही. मालक जरा हिरमुसले. मला मात्र ही फेरी हवीच होती. ऑइल, माउंट आणि सील एकदम बदलले असते तर कशाने काय सुधारलं हे कधीच कळलं नसतं.

माउंट बदलण्यासाठी त्याखालचा आडवा मेंबर काढावा लागतो, आणि तो निघाला की पिनियनचं सील समोर येतं. ब्रीदर मोकळं झाल्यावर गळती कदाचित आपोआप थांबली असती. पण नव्या रबरावर जुन्या सीलची परीक्षा घेणं मला पटलं नाही. सील एकत्रच बदललं.

सील बदलायचं म्हणजे पिनियनचा नट सोडायचा, आणि तिथे हौशी हात सगळ्यात जास्त नुकसान करतात. त्या नटामागे दोन बेअरिंगवरचा प्रीलोड, म्हणजे आधीच देऊन ठेवलेला दाब असतो. अनेक डिफमध्ये तिथे चेपली जाणारी नळी असते. नट जरा जास्त आवळला गेला की ती कायमची चेपते आणि नवी घालावी लागते. आर१८० मध्ये घट्ट स्पेसर आणि मोजून निवडलेले वॉशर आहेत, त्यामुळे नट पूर्ण टॉर्कवर नेला की प्रीलोड मूळ जागी येतो. तरीही सोडण्याआधी पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते मोजून ठेवलं. तो पुस्तकातल्या किमान आकड्याच्याही खाली होता. पुढची बेअरिंग झिजल्याचा हा दुसरा पुरावा. फ्लँजवर जुन्या सीलने पाडलेली खाच नखाला लागत होती, म्हणून नवं सील किंचित कमी खोल बसवलं, म्हणजे त्याचा ओठ ताज्या जागेवर टेकेल.

त्यासाठी ऑइल पुन्हा उतरवलं होतं, या वेळी स्वच्छ भांड्यात. चुंबकावर मऊ पेस्ट, अगदी थोडी. कपचे नाहीत. म्हणजे ते ऑइल कमी असतानाच्या काळातले होते आणि आत आता काही तुटत नव्हतं. एवढ्या छोट्या धावेवरून ठाम बोलता येत नाही, पण डिफ लगेच बाहेर काढून उघडण्याची गरज नाही, असं मालकांना सांगण्याइतका आधार मिळाला.

त्यानंतर

नवं माउंट बसल्यावर ठक गेली. हे अपेक्षितच होतं. गुणगुणीचं काय झालं ते जास्त सांगण्यासारखं: ती निम्म्याहून कमी झाली, आणि तेही दातांना काहीच न करता. फोनवर टोक ३७० लाच, पण बुटकं. कारण उघड आहे. डिफ बॉडीला टांगलेलं असल्यामुळे दातांचा सूर आणि माणसाचा कान यांच्यामध्ये ते रबर एवढाच पडदा होता. रबर सुटल्यावर नाक धातूवर टेकत होतं आणि अख्खी बॉडी तो सूर पुढे पाठवत होती. मालक ज्याला "डिफचा वाढलेला आवाज" म्हणत होते, त्यातला मोठा भाग वाढलेला नव्हता, नुसता पोहोचायला लागला होता.

उरलेली गुणगुण खरी आहे. पिनियनची पुढची बेअरिंग झिजलेली आहे आणि दातांनी चुकीच्या जागी भिडून स्वतःला थोडं घासून घेतलंय. बेअरिंग बदलली तरी तो सूर पूर्ण जाईल याची मी हमी देणार नाही. बरीच वर्षं चुकीच्या जागी चाललेले दात नव्या, बरोबर जागी आणले की कधीकधी आधीपेक्षा मोठ्याने बोलतात. चांगल्या अवस्थेतलं दुसरं आर१८० मिळालं तर ते बसवणं जास्त शहाणपणाचं. काहीजण या निमित्ताने नंतरच्या झेडमधलं मोठं आर२०० बसवतात. त्याला सुमारे १.३ लिटर ऑइल लागतं आणि पुढचं माउंटिंग बदलावं लागतं. मूळ इंजिनाच्या ताकदीला त्याची गरज नाही, असं मला वाटतं.

साधारण हजार किलोमीटरनंतर गाडी पुन्हा स्टँडवर घेतली. फिलर उघडला, बोट आत वाकवून पातळी पाहिली: भोकाच्या कडेलाच. पिनियनची बाजू कोरडी, माउंटचं रबर कोरडं. ब्रीदरची टोपी फिरत होती. ऑइल उतरवून त्याच प्रतीचं पण ११० जाडीचं भरलं, उतरवलेल्यातला थोडा नमुना बाटलीत भरून तारीख आणि किलोमीटर लिहून मालकांकडे दिला, पुढच्या वेळी शेजारी ठेवून बघायला. एका हाफ शाफ्टच्या क्रॉसमधली ती किंचित ढिलाई अजून आहे, आणि मागच्या पट्टीचे तडकलेले बुशही. पुढचं काम त्यांचं.